बाखने न लिहिलेला बार

(मुर्धा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवरचं शीर्षक वाचून भाईंदर स्टेशनच्या बाजूच्या काही मंडळींनी मोठ्या आशेने चौकशी केली, असं कार्यकर्ते मला सांगत होते. त्यांची निराशा होणार आहे. पाश्चात्त्य संगीताच्या छापील पानावर दोन उभ्या रेघांच्या मधल्या जागेला बार म्हणतात. आपल्या स्वरलिपीत तालाचे खंड दाखवायला उभ्या रेघा मारतात, त्यातलाच हा प्रकार.

आजचा विषय आहे पियानोच्या जुन्या छापील पुस्तकांतले पाठभेद. साधारण १८०० च्या आगेमागे आणि त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत बाख, मोझार्ट, बीथोव्हन, शोपाँ यांच्या रचना युरोपभर छापल्या गेल्या. एकच रचना व्हिएन्नाच्या पुस्तकात एक, लंडनच्या पुस्तकात दुसरी आणि पॅरिसच्या पुस्तकात तिसरीच दिसते. ज्या गावात पेटी घरोघर, कॅसिओ बऱ्याच घरांत आणि पियानो क्वचितच, तिथे हा विषय कशाला? माझ्या मते तो इथेच घ्यायला हवा. या रस्त्यावर देवळातल्या सप्ताहाचे टाळ आणि चर्चमधला कॉयर एकाच दिवशी कानावर पडतात. दोघांच्याही हातात कागद असतो, आणि दोघांच्याही कागदात कुणीतरी, कधीतरी, न सांगता हात घातलेला असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. पाठात बदल करण्याला माझी हरकत नाही. बदल केला आणि तो लपवला, याला आहे. पुढचा तासभर मी या एका वाक्याचे पुरावे मांडणार आहे.

पंचमाची घाई

चर्चमधल्या लग्नात वाजणारी बाख-गूनो यांची ‘आवे मारिया’ तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. खाली पियानो किंवा ऑर्गन सुट्या स्वरांनी एकसारखा झुळझुळत असतो आणि वर गाण्याची लांब श्वासाची ओळ चालते. खालचं संगीत बाखचं, वरचं गूनोचं. योहान सेबास्टियन बाख १७५० साली वारला. शार्ल गूनो या फ्रेंच संगीतकाराने बाखच्या एका प्रेल्यूडवर आपली धून बसवली ती १८५३ मध्ये, आणि तिला ‘आवे मारिया’चे शब्द मिळाले १८५९ मध्ये.

हे प्रेल्यूड ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहातलं अगदी पहिलं. बाखच्या स्वतःच्या हातची, १७२२ साल घातलेली प्रत बर्लिनला जपून ठेवलेली आहे. तिच्यात या प्रेल्यूडचे बार आहेत ३५. गूनोने जो पाठ वापरला त्यात आहेत ३६.

जादा बार कुठे आहे, ते आपल्या भाषेत सांगतो. पांढरी एक, म्हणजे ‘सी’ची पट्टी षड्ज धरा आणि फक्त सर्वांत खालचा स्वर ऐका. बाविसाव्या बारात खाली तीव्र मध्यम आहे. तेविसाव्यात थेट कोमल धैवत. चोविसाव्यात पंचम येतो, आणि तो आल्यावर पुढचे आठ बार हलत नाही. बाखने पंचमाला खालून तीव्र मध्यमाने आणि वरून कोमल धैवताने वेढा घातला आणि मग त्यावर उतरला. मारवा गाताना कसलेला गवई षड्ज लांबवत नेतो, तेव्हा ऐकणाऱ्याची जी अवस्था होते, तीच इथे पंचमाच्या बाबतीत होते.

जादा बार आहे तो बाविसाव्या आणि तेविसाव्याच्या मध्ये, आणि त्याच्या खर्जात आहे पंचम! तीव्र मध्यम, पंचम, कोमल धैवत, पंचम. उडी गेली, ओळ गुळगुळीत झाली, वेढा मोडला. ज्याची वाट बघायची तो स्वर आधीच येऊन गेला.

हा बार हॅम्बर्गच्या श्वेंके नावाच्या संगीतकाराने १७८३ साली केलेल्या हस्तलिखित प्रतीत आहे, म्हणून त्याला ‘श्वेंकेचा बार’ म्हणतात. श्वेंके तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. पुढे तो हॅम्बर्ग शहराचा संगीतप्रमुख झाला, तेही बाखच्या मुलाच्या जागेवर. म्हणजे माणूस अडाणी नव्हता. बाखचा हा संग्रह बाखच्या हयातीत छापलाच गेला नाही. छापला गेला तो १८०१ च्या सुमारास, आणि तेव्हा बॉन, झ्युरिक आणि लाइपझिग अशा तीन शहरांतले तीन प्रकाशक एकदम पुढे सरसावले. तोवर पन्नास वर्षं तो वहीतून वहीत उतरत होता. या वाटेवर जादा बार छापील पुस्तकांत शिरला. नंतर कार्ल चेर्नीच्या आवृत्तीतही तो आला, आणि चेर्नीच्या आवृत्तीवर तर पियानो शिकणाऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. पानावर कंस नाही, खूण नाही, टीप नाही. गूनोला संशय येण्याचं काही कारणच नव्हतं.

उलटी अक्षरं

आता हे संगीत छापायचे कसे ते पाहू. कारण चुका कशा होतात हे छापखान्यात शिरल्याशिवाय कळत नाही.

कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाचा मऊ पत्रा घ्यायचा. त्यावर पाच पाच रेघा कोरायच्या. स्वराचं डोकं, तीव्र-कोमलाची चिन्हं, अक्षरं यांचे पोलादी ठसे हातोडीने ठोकायचे. दांड्या आणि कमानी हाताने कोरायच्या. आणि हे सगळं आरशातल्यासारखं उलटं, उजवीकडून डावीकडे. कारागीर संगीत वाचत नव्हता, तो आकार उतरवत होता. चूक सापडली की पत्रा उलटा करायचा, मागून ठोकून तेवढा भाग सपाट करायचा आणि पुढून नवा ठसा मारायचा.

पत्रे कपाटात राहात. मागणी आली की थोड्या प्रती काढायच्या, परत ठेवून द्यायचे. मध्येच कुणी चूक दाखवली तर पत्रा दुरुस्त व्हायचा, पण मुखपृष्ठ तेच. त्यामुळे दोन ग्रंथालयांत ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जपलेल्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर त्यांत फरक निघतो. पानाच्या तळाशी प्रकाशकाचा पत्रा-क्रमांक असतो, मुखपृष्ठावर दुकानाचा पत्ता आणि किंमत असते. पत्ता बदलला, किंमत वाढली, की कोणती प्रत आधीची आणि कोणती नंतरची ते कळू लागतं.

याच काळात दुसरं एक तंत्र निघालं, आणि त्याचं आपल्याशी जवळचं नातं आहे. म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने दगडावरून छापायची युक्ती शोधली आणि १७९६ मध्ये तिच्यावर सुरुवातीलाच जे छापलं ते संगीत होतं. हीच आपली शिळाछाप. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी छापली ती शिळेवरच. ठसे पाडून अक्षर जुळवण्यापेक्षा हाताने लिहिलेलं तसंच उमटवता येणं ही सोय पोथीलाही हवी होती आणि स्वरांच्या पानालाही. दोन्हीकडे लेखनिकाच्या हातचा दोष शेकडो प्रतींत जसाच्या तसा उतरायचा.

तिसरी गोष्ट कायद्याची. एका देशातला प्रकाशनहक्क दुसऱ्या देशात चालत नव्हता. व्हिएन्नात छापलेलं संगीत लंडनचा दुकानदार खुशाल पुन्हा छापू शकत होता, रचनाकाराला दमडी न देता. उपाय एकच. तीन देशांतल्या तीन प्रकाशकांना एकाच सुमारास रचना विकायची. शोपाँ तेच करायचा. पॅरिसला बहुधा श्लेझिंगर, लाइपझिगला ब्राइटकॉप्फ उंट हेर्टेल, लंडनला वेसेल. तीन ठिकाणी तीन प्रती जायच्या: कधी स्वतःच्या हातची, कधी फोंताना नावाच्या मित्राने उतरवलेली, कधी पॅरिसची तपासणीची पानं. पोस्टात टाकल्यावर शोपाँला आणखी काही सुचायचं आणि तो फक्त पॅरिसच्या पानांवर बदल करायचा, कारण तो पॅरिसलाच राहायचा. तिन्ही आवृत्त्या पहिल्या, तिन्ही अधिकृत, आणि तिन्ही वेगळ्या. त्याच्या चोवीस प्रेल्यूडांच्या संग्रहात, ओपस २८ मध्ये, अर्पणपत्रिकासुद्धा वेगळी आहे: पॅरिसच्या पुस्तकात पियानो बनवणाऱ्या प्लेयेलचं नाव, लाइपझिगच्या पुस्तकात संगीतकार केसलरचं. लंडनच्या वेसेलने तर कमालच केली. शोपाँ आपल्या रचनांना नावं देत नसे. वेसेलने खपासाठी स्वतःच नावं ठेवली. एका स्केर्त्सोला त्याने ‘नरकातली मेजवानी’ अशा अर्थाचं नाव दिलं. शोपाँ वैतागला, पण पुस्तकं खपत राहिली.

मदतीचे हात

कारणांप्रमाणे पाठभेदांचे तीन ढीग करता येतात. पहिला ढीग मदत करणाऱ्यांचा. श्वेंके त्यातला. त्याहून गाजलेलं प्रकरण झ्युरिकच्या नेगेलीचं.

हान्स गेओर्ग नेगेली हा प्रकाशक आणि स्वतः संगीतकार. १८०३ मध्ये त्याने बीथोव्हनचे ओपस ३१ मधले दोन सोनाटा छापले. बीथोव्हनचा शिष्य फर्डिनंड रीस याने पुढे आठवणींत लिहिलं आहे की, छापून आलेली पानं तो बीथोव्हनला वाजवून दाखवत होता आणि बीथोव्हन टेबलाशी लिहीत बसला होता. पहिल्या सोनाटाच्या पहिल्या भागात, शेवटाजवळ, बीथोव्हन ताडकन उठला. रीसला बाजूला ढकलत तो पानाकडे बघू लागला. तिथे चार बार जास्तीचे होते! नेगेलीने ते स्वतः रचून घातले होते, बहुधा वाक्य तोलात बसावं म्हणून. शिवाय बाकीच्या चुका होत्याच. मग चुकांची यादी करून ती बॉनला झिमरॉक या प्रकाशकाकडे गेली, आणि त्याने नवी आवृत्ती काढली. तिच्या मुखपृष्ठावर फ्रेंचमध्ये छापलं होतं: ‘अतिशय अचूक आवृत्ती’.

या सोनाटांची बीथोव्हनच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. रीसने ही हकिगत लिहिली नसती आणि झिमरॉकची आवृत्ती निघाली नसती, तर ते चार बार आज बीथोव्हनचेच म्हणून वाजवले गेले असते. कुणीतरी प्राध्यापकाने त्यातल्या समतोलावर प्रबंधही लिहिला असता.

श्वेंके आणि नेगेली यांच्या बदलांत एक साम्य आहे. दोघांनी अवघड जागा सोपी केली. उडी होती तिथे पायरी घातली, ओळ आखूड होती तिथे भर घातली. नक्कल करणारा माणूस सहसा सोप्याकडून अवघडाकडे जात नाही. म्हणून पाठचिकित्सेत एक नियम आहे: दोन पाठांपैकी जो अवघड, तो बहुधा मूळचा. पण हा नियम डोळे मिटून लावता येत नाही, हे दुसऱ्या, गळलेल्या चिन्हांच्या ढिगात कळतं.

पडलेलं चिन्ह

बीथोव्हनचा ‘हामरक्लाविअर’ सोनाटा, ओपस १०६, सप्टेंबर १८१९ मध्ये व्हिएन्नाला आर्तारियाने छापला. पहिल्या भागात मूळ धून परत येण्याच्या ऐन तोंडाशी, बार २२४ ते २२६ मध्ये, एक स्वर आहे ज्यावर गेली शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे. घरच्या षड्जाच्या हिशेबाने सांगतो. तिथे शुद्ध निषाद अपेक्षित आहे. निषादावरून षड्जावर येणं ही तिथली सरळ चाल. पण त्या आधीच्या भागात पाच स्वर तीव्र धरायचे अशी खूण आहे, आणि ती उठवणारं चिन्ह या जागी छापलेलं नाही. छापलंय तसं वाजवलं तर निषादाऐवजी पट्टी षड्जाचीच दाबली जाते. ऐकायला विलक्षण वाटतं: घरी पोचायच्या आधीच घराचा स्वर, पण वेगळ्या नावाने.

अवघड पाठ मूळचा, हा नियम लावला तर छापील स्वर बरोबर. पण बीथोव्हन लिहिताना अशी चिन्हं विसरायचा, हेही सर्वज्ञात आहे. म्हणजे हे अवघडपण प्रतिभेचं की विसराळूपणाचं? या सोनाटाचीही त्याच्या हातची प्रत हरवलेली आहे. मोठमोठे पियानोवादक दोन्ही बाजूंना आहेत. प्रामाणिक आवृत्ती काय करते? एक स्वर वर छापते आणि दुसरा खाली टिपेत देते.

शोपाँच्या ओपस २८ मधलं विसावं प्रेल्यूड जेमतेम तेरा बारांचं. शिकाऊ मुलंही वाजवतात. तिसऱ्या बारातल्या शेवटच्या स्वरसमूहात गंधार शुद्ध की कोमल? त्याच बारात आधी शुद्ध गंधार येऊन गेलेला आहे, आणि पाश्चात्त्य लिपीत एकदा दिलेलं चिन्ह बार संपेपर्यंत लागू राहतं. कोमल हवा असेल तर नवं चिन्ह लिहायलाच हवं, आणि पहिल्या छापील पाठात ते नाही. पण जेन स्टर्लिंग या शोपाँच्या शिष्येची प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि तिच्यात त्या जागी कोमलाचं चिन्ह हाताने घातलेलं आहे. छापील पुस्तकापेक्षा इथे पेन्सिलीची खूण वजनदार ठरते, कारण ती शिकवणीच्या वेळी उमटलेली आहे.

ही अडचण फक्त परदेशातली नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील, राहणारे मुंबईत वाळकेश्वरचे. वेगवेगळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून मिळवलेल्या चीजा त्यांनी मराठीतून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या. सहा भाग, शेवटचे त्यांच्या पश्चात निघाले. पुढे हाथरसहून हिंदी भाषांतर आलं आणि देशभर तेच चाललं. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राच्या स्वराखाली टिंब, तारसप्तकाच्या स्वरावर टिंब. आता खिळा झिजला, शाई कमी पडली आणि गंधाराखालची रेघ उमटली नाही, तर कोमल गंधार शुद्ध झाला. टिंब गेलं तर स्वर सप्तक बदलून बसला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची लिपी निराळी. तिच्यात मंद्राचं टिंब स्वराच्या वर बसतं! एका लिपीतून दुसरीत चीज उतरवताना हात सवयीने चालला, तर खर्जातला पंचम तारसप्तकात जाऊन बसायचा. म्हणून विद्यार्थ्यांना माझा आग्रह असतो: चीज अडली की हिंदी पुस्तकावरून वाद घालू नका, मराठी मूळ आवृत्ती काढा, दोन्ही पानं शेजारी ठेवा.

रचनाकाराचा स्वतःचा हात

तिसरा ढीग सगळ्यांत अडचणीचा. इथे बदल करणारा खुद्द रचनाकार असतो.

मोझार्टच्या के. ३३२ या सोनाटाचा संथ भाग घ्या. त्याच्या हातच्या प्रतीत धून दुसऱ्यांदा येते ती पहिल्यासारखीच, साधी. पण १७८४ मध्ये व्हिएन्नाला आर्तारियाने छापलेल्या पुस्तकात त्याच जागी धून नखशिखान्त अलंकारलेली आहे. हस्तलिखित जुनं म्हणून तेच खरं, असं म्हणून भागेल का? छपाईच्या वेळी मोझार्ट व्हिएन्नातच होता. अलंकार त्याच्या हातचे असण्याचाच संभव जास्त. इथे छापील पाठ हस्तलिखिताच्या पुढचा आहे.

याउलट ज्यातल्या तुर्की धाटणीच्या शेवटच्या भागाची धून मोबाइलवरही वाजते, तो के. ३३१ सोनाटा. त्याच्या मोझार्टच्या हातच्या चार पानांचा शोध बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात २०१४ मध्ये लागला, आणि काही जागी छापील पाठ बिघडलेला होता असं दिसून आलं. एकाच वर्षी, एकाच प्रकाशकाने छापलेल्या दोन सोनाटांपैकी एकात छापील पुस्तकावर भरवसा ठेवावासा वाटतो, दुसऱ्यात हस्तलिखितावर. सरसकट नियम चालत नाही. प्रत्येक जागेचा खटला वेगळा चालवावा लागतो.

बीथोव्हनचा ‘हामरक्लाविअर’ पुन्हा एकदा. तो लंडनला छापायची व्यवस्था रीस बघत होता. एवढा मोठा सोनाटा त्याच्या हाती आला, आणि मागोमाग १८१९ च्या एप्रिलमध्ये पत्र आलं: तिसऱ्या, संथ भागाच्या सुरुवातीला आणखी दोन स्वर घाला. रीसला वाटलं, गुरुजींचं काही बिनसलं की काय! पूर्ण झालेल्या प्रचंड रचनेला दोन स्वर जोडून काय होणार? मग वाजवून पाहिलं आणि पटलं. ते दोन स्वर म्हणजे त्या भागाच्या षड्जावरून कोमल गंधार आणि पंचम, दोन पायऱ्या चढून मग दार उघडावं तसे. आज त्यांच्याशिवाय तो भाग कुणी कल्पनेतही आणत नाही. मात्र लंडनच्या याच पुस्तकात मधल्या दोन भागांचा क्रम उलटा आहे आणि शेवटचा फ्यूग वेगळा विकायला काढलेला आहे. त्यालाही बीथोव्हनने पत्रातून मोकळीक दिली होती.

शोपाँच्या नॉक्टर्न ओपस ९ क्रमांक २ ची गोष्ट तर आपल्या गायकांना लगेच उमगेल. शिष्यांच्या छापील प्रतींवर त्याने वेगवेगळ्या हरकती, ताना लिहून दिल्या, प्रत्येकाला निराळ्या. यातली ‘खरी’ कोणती? ख्यालाच्या बैठकीत असा प्रश्न कुणी विचारत नाही. पण छापील पानाची सवय लागली की तो विचारावासा वाटतो.

साक्ष कशी तपासायची

तुमच्यासमोर दहा आवृत्त्या आहेत. नऊंमध्ये एक पाठ, दहावीत दुसरा. बहुमताने निकाल लावायचा? बिलकुल नाही. त्या नऊ एकमेकींवरून उतरवल्या असतील तर साक्षीदार एकच. श्वेंकेचा बार असलेली पुस्तकं कितीही जमवली, तरी बाखच्या हातच्या एका प्रतीपुढे त्यांचं वजन नाही. पाठ मोजायचे नसतात, तोलायचे असतात.

कोण कुणावरून उतरलं हे शोधायला सगळ्यांत उपयोगी पडते ती चूक. बरोबर पाठ दोन ठिकाणी स्वतंत्रपणे असू शकतो. एकच विचित्र चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणं अवघड. परीक्षेत शेजारी बसलेल्या दोन मुलांचं एकच चुकलेलं उत्तर शिक्षकाला जे सांगतं, तेच इथेही. म्हणून अभ्यासक चुकांची यादी करतात आणि तिच्यावरून वंशावळ मांडतात.

नंतरच्या संपादकांचाही हिशेब ठेवावा लागतो. एकोणिसाव्या शतकात मोठे वादक आपापल्या समजुतीप्रमाणे कमानी, जोर, वेग भरून आवृत्त्या काढत आणि मूळ कुठे संपलं, संपादक कुठे सुरू झाला, ते पानावर कळत नसे. पियानोवादक आर्थर श्नाबेलने १९२० च्या दशकात बीथोव्हनचे सोनाटा संपादित केले. त्यानेही स्वतःचं पुष्कळ घातलं, पण लहान टायपात, वेगळं ओळखू येईल असं. हा मोठा फरक आहे. १९४८ मध्ये म्युनिकला सुरू झालेल्या हेनले प्रकाशनाने मूळ पाठाच्या आवृत्त्यांवरच आपलं नाव उभं केलं. आज धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये परीक्षेची पुस्तकं घ्यायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी वीस-तीस पानं उलटून एवढंच बघावं: संपादकाने आपलं म्हणणं कुठे वेगळं दाखवलंय का?

नागमोडी रेघ

हे सगळं शास्त्र आपल्याला परकं नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढच्यांना बजावलं की यात आपल्या पदरची ओवी घालू नका. श्वेंकेच्या दोनशे वर्षं आधीचा हा इशारा! इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये निघालेल्या तुकारामांच्या गाथेत विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, पंढरपूर इथल्या वह्यांतले पाठभेद खुणा करून दिले. आज भजनासाठी मिळणाऱ्या स्वस्त गाथ्यांत बहुधा या खुणा गाळलेल्या असतात. मग राईच्या मंडळाच्या आणि मुर्ध्याच्या मंडळाच्या पुस्तकांत शब्द वेगळा निघाला की भांडण कोण शुद्ध यावर होतं. पंडितांची तळटीप समोर असती, तर दोन्ही शब्द दोन जुन्या वह्यांतले आहेत एवढं तरी कळलं असतं.

सगळ्यांत मोठं काम पुण्याचं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं, सुखठणकर १९४३ मध्ये गेले, आणि काम पुरं झालं १९६६ मध्ये. १,२५९ हस्तलिखितं वापरली गेली. त्या आवृत्तीचं पान एकदा उघडून बघा. वर थोडा मूळ पाठ, खाली पानभर पाठभेद. आणि वरच्या पाठातही जिथे संपादकाची खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. ‘मी हे निवडलंय, पण शपथ घेणार नाही’ हे सांगायची इतकी सभ्य खूण मला कुठल्याही संगीताच्या पुस्तकात दिसलेली नाही.

गणपतीने व्यासांचा लेखनिक होऊन महाभारत लिहिलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या हस्तलिखितांचा कौल घेतल्यावर ती मूळ पाठात टिकली नाही. सुखठणकरांनी ती वर ठेवली नाही, पण फेकलीही नाही. ती परिशिष्टात आहे, सबंध. ज्याला पाहिजे त्याने वाचावी. गणेशोत्सवात ती सांगायलाही हरकत नाही, कारण ती आता आपल्या संस्कृतीची झाली आहे.

श्वेंकेच्या बाराचाही न्याय मी असाच करतो. बाखचं प्रेल्यूड वाजवताना तो काढून टाका, बाखचा पंचम बाखला परत द्या. पण ‘आवे मारिया’ वाजवताना त्याला हात लावू नका. गूनोची ओळ त्या बारावरून जाते. तो काढला तर गाणाऱ्याचा श्वास मध्येच तुटेल. एका रचनेतली घुसखोरी दुसऱ्या रचनेचा पाया झाली. पाठ बरोबर की चूक, हे रचना कोणाची यावर ठरतं.

आपल्या वह्या

हे व्याख्यान एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आहे, तेव्हा काही गृहपाठ देऊनच थांबतो.

भजनी मंडळांनी आणि कॉयरने आपल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रकाशक, साल, आवृत्ती लिहून ठेवावी. मुखपृष्ठ फाटून गेलं की पुस्तक अनाथ होतं आणि त्याची साक्ष दुबळी पडते. झेरॉक्स काढताना तळटीप कापू नका. जुन्या वहीतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. आपल्यातही एखादी जेन स्टर्लिंग असेल. वहीत शब्द बदलायचाच असेल तर जुन्यावर एक रेघ मारा, नवा वर लिहा, आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलला ते समासात टाका.

धवल्यांची गोष्ट जास्त तातडीची आहे. आगरी लग्नांत धवलारीण जे गाते, ते अजून बरंचसं तोंडी आहे आणि गावागणिक बदलतं. त्याची पुस्तकं आता होऊ लागतील, व्हायलाही हवीत. तिथे आपण सगळे श्वेंके होण्याचा धोका आहे. चार गावांचे पाठ एकत्र करून, जे सुंदर ते उचलून, सांधे बुजवून एक देखणा धवला छापायचा मोह होईल. तो धवला कुणीच कधी गायलेला नसेल. त्यापेक्षा एका बाईचा एक पाठ घ्या. तिची परवानगी घेऊन गाव आणि साल लिहा, आणि बाकीचे पाठ खाली द्या. पुस्तक जाड होईल, छपाई महाग पडेल. महाभारताला सत्तेचाळीस वर्षं आणि एकोणीस खंड लागले, आपल्याला एवढे लागणार नाहीत.

गाताना एका वेळी एकच पाठ गाता येतो. तो निवडा आणि ठामपणे गा. छापताना मात्र जे निवडलं नाही त्यालाही पानाच्या तळाशी जागा द्या, म्हणजे तुमच्या नंतर येणाऱ्याला तुमच्याशी वाद घालता येईल.